धुराड्याचं झाकण

"आमच्याकडे विस्तव मरतो बरं का," सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या.

मी बेसमेंटमधून धुतलेले कपडे घेऊन वर येत होते, ती शेवटच्या पायरीवर थांबले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्या हसून म्हणाल्या, "इंग्लिश मीडियम ना गं. पोरगी गुणाची आहे, पण एरवी तोंडात मूग, आणि बोललीच तर हे असं."

फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग मुद्दाम पाय वाजवत वर आले.

कॅनडात, एडमंटनमधलं आमचं ते पहिलं घर. जुनं, विटांच्या फायरप्लेसचं. ऑक्टोबरमध्ये नवऱ्याने धुराडं साफ करायला माणूस बोलावला आणि स्वतः ऑफिसला गेला. त्या माणसाने कार्पेटवर चादर अंथरली, लांब दांड्यांचे ब्रश एकमेकांना जोडून वर घातले, बादलीभर काजळी आणि पक्ष्याचं एक वाळकं घरटं खाली काढलं. मग मला जवळ बोलावून टॉर्चच्या उजेडात धुराड्याच्या गळ्यातलं लोखंडी झाकण दाखवलं. त्याला तो डँपर म्हणत होता. आतल्या बाजूला त्याचा दांडा होता. पेटवण्याआधी हे उघडायचं, आणि विस्तव पूर्ण 'डेड' होईपर्यंत बंद करायचं नाही, असं त्याने दोनदा बजावलं. राख वरून थंड वाटते, आत निखारा असतो. झाकण लावलंत तर त्याचा विषारी वायू घरात भरतो, आणि त्याला वास नसतो.

मी मान हलवली, कागदावर सही केली. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ऑल गुड. माझं उत्तर बहुतेक वेळा तेच असायचं.

नोव्हेंबरमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. डिशवॉशर त्यांना पटेना, बाहेर एकटीला जाता येईना, टीव्हीवरचं कळेना. फायरप्लेस मात्र पहिल्या रविवारीच त्यांच्या ताब्यात गेली. कऱ्हाडजवळच्या त्यांच्या माहेरी चुलीतला विस्तव राखेखाली राखून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी काडी ओढावी लागत नाही. इथेही त्या दर रविवारी दुपारची जेवणं झाली की निखारे एकत्र करून त्यांवर राख ओढायच्या, हाताने थोपटल्यासारखं सारखं करायच्या आणि झाकणाचा दांडा खाली खेचायच्या. ऊब आभाळात कशाला घालवायची, हे त्यांचं म्हणणं. नवरा कौतुकाने बघत राहायचा. या घरात आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं असं हे एकच काम होतं, ते मलाही दिसत होतं.

म्हणून मी आठवडाभर मनात वाक्य जुळवलं. जेवताना म्हटलं, आई, विस्तव मरेपर्यंत ते उघडं ठेवायचं असतं. त्यांचा घास हातातच राहिला. विस्तव मरतो होय गं, त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग त्यांनी मला समजावलं, की विस्तव विझतो, आणि भरल्या घरात तेही म्हणू नये, शांत झाला म्हणावं. मीही हसले. मुद्दा ताटातच राहिला.

मग मी चोरून करायला लागले. त्यांची वामकुक्षी सुरू झाली की दांडा वर ढकलायचा. तो करकरायचा. त्या उठून पुन्हा खेचायच्या. दोन रविवार असे गेल्यावर त्यांनी मुलाकडे तक्रार केली, की झाकण आपोआप उघडतंय. त्याने दांड्याला तार अडकवून दिली. एकदा खेचून तारेला पीळ दिला की झाकण हलायचं नाही. ग्रोसरीला जाताना गाडीत मी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं, कारण इंग्रजीत मला धीर येतो. तो म्हणाला, अगं थोडी फट राहते, काही होत नाही. तिला एक तरी काम करू दे.

तेव्हापासून रविवार आला की मला एका जागी बसवेना. धुराचा अलार्म छताला होता, पण या वायूला धूरच नसतो. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडायचे, कुणीतरी ती लावायचं. मी कपडे पुन्हा पुन्हा घडी करायचे. सासूबाई झोपल्या की त्यांचा पदर हलतोय ना ते बघून यायचे.

बहिणीशी झालेल्या त्या फोनच्या रविवारीही दुपारी राख थोपटली गेली, तारेला पीळ बसला. नवरा बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला गेला. सासूबाई फायरप्लेससमोरच्या सोफ्यावर शाल घेऊन आडव्या झाल्या. मी भांडी पुसत होते. जरा वेळाने त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "डोकं धरलंय गं. मळमळतंय. जेवण जड झालं वाटतं."

जेवण साधं होतं, मुगाची खिचडी. माझंही डोकं कपाळापाशी दाबल्यासारखं झालं होतं.

मी हात न पुसताच गेले. आधी पुढचं दार सताड उघडलं, मग गुडघ्यांवर बसून फायरप्लेसमध्ये हात घातला. तार तापली होती, बोटं भाजली. ओट्यावरून चहाचं पातेलं उतरवायची सांडशी आणली आणि पीळ उलटा फिरवू लागले. दारातून बर्फाचा वारा आत आला, तशी राख उडाली आणि खाली लालभडक निखारे दिसले. सासूबाई कोपरावर उठल्या. एवढ्या थंडीत दार उघडं का, म्हणून नवरा फावडं हातात घेऊन, बुटांसकट कार्पेटवर आला. काय चाललंय, त्याने विचारलं. दोघंही माझ्याकडे बघत होते. एरवी मी अशा वेळी 'काही नाही' म्हणते.

तार सुटली. मी दांडा वर ढकलला आणि धरून ठेवला.

"आई, विस्तव अजून मेलेला नाही," मी म्हणाले. "तो मरेपर्यंत हे झाकण उघडंच राहणार. आणि तुम्ही आधी बाहेर हवेत चला."