पिवळी ओळ आणि चिंधी

वाळत्या मिरचीचा ठसका लागला की मला नंदुरबारचं ते पत्र्याचं ऑफिस आठवतं. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, कुठल्या ढिगात कोणता माल आहे ते सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि व्यापारी तो बघायला येऊन बसला होता. मालाच्या प्रकाराला मी टी हे अक्षर दिलं होतं, आणि आतल्या फंक्शनमध्ये पुन्हा नवा टी. कोड तपासणाऱ्या कंपायलरनं पिवळ्या ओळीत इशारा दिला, आतला टी बाहेरच्याला झाकतोय. "चाली ऱ्हायना ना, ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. शेजारी बसणारी सहकारी अक्कलकुव्याकडची. तिची आई पथारीवर मिरची उलटायची. ती शांतपणे म्हणाली, "मन्ही माय दर ढिगले येगळी चिंधी बांधे. एक डाव शेजारना ढिगले बी तीच चिंधी बांधी, ते ओली मिरची सुकीमा गई. समदा ढीग सडना." तिनं आतला नवा टी काढून टाकला. लगेच खाली चूक दाखवणारी लाल ओळ उमटली: प्रोग्रॅममध्ये मी ओली मिरची सुक्या ढिगात टाकत होतो. तिनं व्यापाऱ्याला चहा सांगितला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. आता कुणी पिवळी ओळ बघून पुढे जायला निघालं की मिरची नसतानाही मला ठसका लागतो.