पिसं

माझ्या लहानपणी, रामटेकजवळच्या आमच्या गावात, धाकट्या काकूला पिसं लागलं. पिसं म्हणजे वेड; हा जुना शब्द पिशाचावरून आला. म्हणून काकूनं ताट भिरकावलं की आई आधी फाटकाबाहेर भाताचा घास ठेवायची. 'मुडद्या, खाय अन् जाय!' असं त्या पिशाचावर मनसोक्त खेकसायची. मग आत येऊन काकूला हळूच म्हणायची, 'जेव वं माय.'

मला तो सगळा अडाणीपणा वाटायचा. आता नागपुरात नवऱ्याच्या गोळ्या मीच सांभाळते. डॉक्टरांनी त्याच्या आजाराला लांबलचक, शास्त्रशुद्ध नाव दिलंय. त्यात बाहेरचं कोणी नाही.

काल त्यानं ताट भिरकावलं. भिंतीवरचं वरण पुसताना शिव्या अगदी ओठांवर आल्या. मी फाटकाकडे पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं.