समुद्राखालून परत आलेलं कुंकू

या ग्रुपवर येणारे पांढऱ्या साडीचे आणि उलट्या पावलांचे अनुभव मी चहासोबत वाचते आणि हसते. पिंपरीत आमच्या घरी देव्हाराच नव्हता, भिंतीवर फक्त पंचशीलाची फ्रेम. नजर, नवस, लिंबू-मिरची... असल्या लोकांची मला कीव येते, अजूनही. तेव्हा खालचं वाचून कोणी "ताई, शांती करून घ्या" असले सल्ले देऊ नयेत.

मी समुद्रातल्या तेलविहिरी आखते, चिंचवडच्या एसी ऑफिसात बसून. या विहिरी थोडं खाली उतरून आडव्या होतात आणि समुद्रतळाखालून कित्येक किलोमीटर जातात. तुंबलेल्या मोरीत तार ढकलण्यासारखंच काम — फक्त तार पोलादी, आणि अडकली तर अख्खी विहीर जाते. तिला वळण देणारं टूल, म्हणजे एक जाडजूड नळकांडं, आमच्या चाकणच्या वर्कशॉपमध्ये तयार होतं.

खंडेनवमीला मी ते पास करायला गेले, तर त्यावर झेंडूचा हार आणि मधोमध हळद-कुंकवाची पाच बोटं. शेजारी फोरमन बबनभाऊ हात जोडून उभे.

"पुसा ते," मी म्हणाले.

"आवं मॅडम, ऱ्हाऊ द्या. समुद्रात जातंय ते."

"समुद्राला काय कळतंय तुमचं कुंकू?"

ते हलेनात. मग मीच चिंधीने घासून लख्ख पुसलं. ते टूल जाणार होतं त्या रिगवर, म्हणजे समुद्रातल्या विहीर खोदायच्या फलाटावर, माझा धाकटा भाऊ सुमित असतो, अगदी पाइपाजवळ, ड्रिल फ्लोअरवर. त्याचा जीव माझ्या गणितावर आहे, कुंकवावर नाही.

टूल रिगवर गेलं, विहिरीत उतरलं, आणि विहिरीच्या पार टोकाला पाइप अडकला. ऑफिसात सगळे स्क्रीनला डोळे लावून. पाइप ओढण्याच्या जोराची हद्द संपत आली होती, आणि पाइप तुटला तर फ्लोअरवरची माणसं... मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू. आमचे उच्चशिक्षित साहेब गळ्यातलं लॉकेट चाचपत होते. शेवटी ओढणं थांबवलं आणि पाइप आपोआप सुटला.

"ताई, सुटला गं," सुमितचा फोन आला.

त्याचं स्पष्टीकरण आहे माझ्याकडे. घर्षण, ड्रिलिंगचा चिखल, सगळं. मी त्यावर प्रेझेंटेशनही दिलं.

मग टूल चाकणला परत आलं. रिगवरून धुऊन, सीलबंद पेटीत. सील मी स्वतः कापलं. दगडावर घासून टूलचा रंग गेला होता, कोरलेला नंबरसुद्धा झिजला होता. आणि मधोमध हळद-कुंकवाची पाच बोटं. ओली.

झापायला वळले, तर भक्त महाशय दारापर्यंत मागे सरकलेले.

"म्या न्हाई लावलं," बबनभाऊ म्हणाले. "म्या हात न्हाई लावायचा त्याला. बाद करा ते, मॅडम."

जन्मभर कुंकू लावत फिरायचं आणि खरंच काही उमटलं की पळ काढायचा. मीच पुन्हा चिंधी घेतली. पुसण्याआधी सहज त्या ठशांवर बोटं ठेवली. बबनभाऊंची बोटं माझ्या दुप्पट जाड आहेत. हे ठसे माझ्या बोटांना तंतोतंत बसले.

ऑफिसात सिद्धांतांना तोटा नाही. कोणी म्हणतं ग्रीस, कोणी म्हणतं गंज. गंज पिवळा आणि ओला असतो का, हे या इंजिनिअरांना विचारायची सोय नाही.

टूल तपासणीत चोख निघालंय. पुढच्या आठवड्यात परत जायचंय, सुमितच्याच रिगवर. नाकारायचं तर कारण द्यावं लागतं आणि माझ्याकडे देण्यासारखं कारण नाही. साहेब रोज विचारतात. मी अजून सही केलेली नाही.