वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी

माझ्या मैत्रिणीला जाऊन दहा महिने होत आले. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून कागद घेऊन बसते आणि दर वेळी आधी सुचतं ते दुःख नसतं. मला तिचा हेवा वाटायचा, हे सुचतं. मग कागद बाजूला ठेवते. आज ठेवायचा नाही, असं ठरवलंय.

आम्ही दोघी ओझरजवळच्या एकाच गावच्या, जुन्नरच्या कॉलेजात एकाच बाकावर बसणाऱ्या. अकरावीत कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर डोंगरातल्या आहुप्याला गेलं. पुण्याहून आलेल्या एक बाई आमच्याकडून घरोघरी फॉर्म भरून घेत होत्या. माणसं किती, बाळंतपणं किती, रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या का. देवराईच्या अलीकडे एका घरात गोळ्या मिळाल्या होत्या, पण सगळी पाकिटं तशीच पिशवीत भरून छपराच्या वाशाला टांगलेली. मी विचारलं, "का नाही खाल्ल्या?" त्या घरच्या बाईचे हात नाचणीच्या पिठाने भरलेले होते. ती हसली.

"गोळीनं भूक लागती बाय. मंग ती भूक कुठं ठिवू?"

फॉर्मवर या उत्तराला जागा नव्हती. मी ते मागच्या बाजूला लिहून घेतलं. संध्याकाळी पुण्याच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हेच शिकवणारी पदवी असते. तीन वर्षांची. माणसं औषध का घेतात, का घेत नाहीत. आजार अंगात किती आणि घरात किती." मला तोवर वाटायचं, शिकायचं म्हणजे डॉक्टर नाहीतर डी.एड.

परत आल्यावर मी दोनशे पानी वही घेतली. पट्टीने तीन रकाने आखले, तीन वर्षांचे. पहिल्यात समाजशास्त्र आणि मानसशास्त्र. दुसऱ्यात लोकांशी बोलायला शिकणं आणि सांख्यिकी, जिची मला धास्ती होती. तिसऱ्यात गावात राहून काम. त्यासाठी मी विषयही काढला होता: मिश्री. आमच्याकडच्या बाया तंबाखू तव्यावर भाजून, कुटून सकाळी दातांना लावतात आणि ती सुटता सुटत नाही. का सुटत नाही, हे शोधायचं. पुण्याच्या बाईंना दोन पत्रं टाकून मी पुस्तकांची यादी मागवली. मैत्रीण शेजारी बसून शेंगा खात असायची. "तू म्हंजी लगीन बी रकान्यात मांडशील," म्हणायची.

त्याच उन्हाळ्यात तिचे आजोबा गेले.

आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. वर्ष उलटलं तर पुढं तीन वर्षं मांडव घालायचा नाही. तिच्या घरात लग्नाची तीच होती. बारावीचं सगळं वर्ष तिला बघायला माणसं येत राहिली. ती सकाळी पोहे घेऊन पाटावर बसायची आणि दुपारी कॉलेजात येऊन रडायची. मी तिची समजूत काढायचे. तेव्हा मला तिची कीव यायची, आणि कीव करताना बरंही वाटायचं. ती बोहल्यावर जाणार, मी पुण्याला जाणार. खरं सांगायचं तर माझी वही तेव्हा मी जरा जास्तच उघडायचे तिच्यासमोर.

पण तिचं जमेना. एकांना पत्रिका पटली नाही, दुसऱ्यांना तिची उंची. तिसरं स्थळ अगदी साखरपुड्यापर्यंत आलं आणि मुलगाच नको म्हणाला. बघता बघता आजोबांचं वर्षश्राद्ध झालं. आता तीन वर्षं काही करता येत नव्हतं. तिचे वडील आमच्या ओट्यावर बसून माझ्या वडिलांना म्हणाले, "घरात बसून तरी काय करणार पोरगी? तीन वर्सं हायेत, तर शिकू दे म्हणलं."

तीन वर्षं. मी दारामागं उभी होते. मी आखलेले तीन रकाने त्या घरात असे आपोआप जाऊन पडले.

आमच्या घरात कुणी मेलं नव्हतं. त्यामुळे माझ्या लग्नाला कसलीच आडकाठी नव्हती, आणि लोणीचं स्थळ जूनमध्येच आलं. मुलगा चांगला होता. नाही म्हणायला माझ्याकडे एक वही सोडून काही नव्हतं.

माझे आजोबा तेव्हा ठणठणीत होते. दोन भाकरी खायचे, मळ्यात चालत जायचे. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे बघत बसायचे. हिशेब मला कळत होता. आता ते गेले असते तर उलट घाईच झाली असती. मला हवं होतं ते वर्षापूर्वीचं मरण, मैत्रिणीच्या घरी झालं तसं. एकदा त्यांनी भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"काय बघतीस गं टकामका? मी न्हाई जात एवढ्यात. तुझ्या लग्नात नाचायचंय मला."

मी उठून मागच्या दारी गेले. चतुर्थीला आई ओझरला घेऊन गेली. विघ्नहरापुढं हात जोडले, पण काय मागावं ते कळेना. आजोबा लग्नात खरंच नाचले.

हळदीच्या आधी मैत्रीण आली. दारातच घुटमळली.

"तुझी ती वही... नेऊ का गं? मला त्यातलं कायच ठाव न्हाई."

"ने की. मला काय करायचीय आता?"

"रागावलीस व्हय?"

"मी कशाला रागावू? लग्न ठरलंय माझं," मी म्हटलं आणि वही आणायला आत गेले. आत गेल्यावर एक पान फाडलं. आहुप्याच्या बाईचं उत्तर फॉर्मवरून मी ज्यावर उतरवून घेतलं होतं ते. रकाने दिले, यादी दिली, मिश्रीचा विषयही दिला. ते पान नाही दिलं. लग्नातल्या साड्यांबरोबर ते माझ्या ट्रंकेत लोणीला गेलं.

ती पत्रं लिहायची. मानसशास्त्राच्या बाई कशा शिकवतात, सांख्यिकीत नापास होता होता कशी वाचली. मी उत्तरात पावसापाण्याचं लिहायचे. तिची अक्षरं दिसली की पत्र आधी फडताळात टाकायचे आणि दोन दिवसांनी वाचायचे.

तिसऱ्या वर्षी ती लोणीला आली. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म. विषय मिश्री. आमच्या आळीतल्या बायांना विचारत विचारत माझ्या दारी पोचली. सासूबाईंनी चहा टाकला. तिने फॉर्मवर माझं वय लिहिलं, शिक्षण लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "मिश्री लावता का?"

फॉर्मवर 'लावता' होतं, म्हणून ती मला अहो-जाहो करत होती.

मी लावत होते. लग्नानंतर सहा महिन्यांत लागली. माझ्या दातांच्या कडा काळ्या झाल्या होत्या आणि ती माझ्यापासून हातभरावर बसली होती.

"नाही," मी म्हटलं.

तिने क्षणभर पेन थांबवलं आणि 'नाही' लिहिलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, खोटं कशाला बोलतीस पावण्यांशी?" तरी तिने ते खोडलं नाही. मला ते जास्त लागलं. माझाच विषय, माझाच प्रश्न, आणि मी तिच्या रकान्यातली एक बाई झाले होते. ती बाई मिश्री का लावते, याचं उत्तर मला ठाऊक होतं. तिला कुणी सांगितलं नसणार असं उत्तर. तेही मी दिलं नाही.

पुढं मी बहिःस्थ बी.ए. केलं, मराठीतून, दोन मुलं सांभाळून. ती आहुप्याच्या बाजूला आरोग्याचं काम करायला लागली. तीन वर्षं सरली, पण लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही आणि वडिलांच्या घरीच राहिली. कुणी तिचं कौतुक केलं की मी म्हणायचे, "तिला वेळ मिळाला ना!" हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेन.

गेल्या पावसाळ्यात ती डोंगरातून कावीळ घेऊन आली आणि तीन आठवड्यांत गेली. मी तेराव्याला गेले. तिच्या आईने, मी त्यांना काकू म्हणते, माझा हात धरून मला कोपऱ्यात नेलं. त्यांची नात, म्हणजे मैत्रिणीच्या भावाची मुलगी, यंदा बारावीला होती.

"घरात मोठं माणूस गेलंय बाई. पोरीचं वर्साच्या आत कराया पायजे. तुझ्या जावंच्या माहेरी पोरगा हाय म्हणं. तू शब्द टाकलास तर व्हईल."

"टाकते काकू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती मुलगी चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच उभी राहिली.

"मावशी, आत्याची दोनशे पानी वही माझ्याकडं हाय. आत्या म्हणायची, ती तुमची हाय. पण त्यातलं एक पान न्हाई."

"काय म्हणायची पानाबद्दल?"

"कायच न्हाई. म्हणायची, ज्याचं हाय त्याच्याकडं असंल." मग हळूच म्हणाली, "मला पण त्येच शिकायचंय."

मी तिच्याकडे पाहिलं. दुःखाच्या घरात, तेराव्याच्या दिवशी, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हिलाही मिळणार. हिच्याही घरात वेळेवर मरण झालं. लाज वाटून मी चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजली.

जावेला मी काही बोललेले नाही. काकूंचा फोन येतो. "बघते काकू, पत्रिका मागवलीय," म्हणते. मागवलेली नाही. त्या बिचाऱ्या माझ्या भरवशावर दुसरीकडे फार फिरत नाहीत. वर्ष भरायला दोन महिने उरलेत. गप्प बसणं मला जमतं, त्याची सवय आहे.

ते पान अवघड होतं. काल ट्रंकेतून काढलं. घड्यांवर फाटलंय, पण अक्षर वाचता येतं. मग उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:

'लोणी. मिश्री लावते. सकाळी चुलीपुढं मिश्री लावताना बाईला कुणी काम सांगत नाही. तोंड भरलेलं असतं, म्हणून कुणी काही विचारत नाही. दिवसातली तेवढी दहा मिनिटं तिची असतात.'

खाली वय लिहिलं, शिक्षण लिहिलं. वर्षश्राद्धाला जाईन तेव्हा ते पान त्या मुलीच्या हातात देईन. ती ते वहीत चिकटवेल आणि पुण्याला घेऊन जाईल. मला तिचा हेवा वाटेल. आत्ताच वाटतोय.