अंगठ्याचा दोष

माझ्या बायकोच्या फोनवर आकड्यांचा एक खेळ आहे. सारखे दोन आकडे एकमेकांवर सरकवले की त्यांची बेरीज होते, आणि असं करत दोन हजार अठ्ठेचाळीसपर्यंत पोचायचं. ती तिथे केव्हाच पोचली होती. मी माझ्या फोनवर निम्म्यावर अडकलो होतो आणि दोष जाड अंगठ्याला देत होतो. "कॉम्प्युटरवर खेळू दे, मग दाखवतो," असं इंदूरहून आलेल्या मेव्हण्यासमोरही बोलून बसलो.

आता करून दाखवणं भाग होतं. कॉम्प्युटरला आपण मोबाइल आहोत असं वाटायला लावणारं एक सॉफ्टवेअर मिळतं. ते बसवण्यात माझा अख्खा रविवार गेला. "पप्पा, रहने दो, मी करते," असं मुलगी तीनदा म्हणाली, पण मी हटलो नाही. संध्याकाळी खेळ मोठ्या पडद्यावर उघडला आणि बाणांची बटणं बडवत मी पाचशे बारावर संपलो. म्हणजे फोनपेक्षाही खाली.

"सरका जरा," म्हणत बायको खुर्चीत बसली. फोनवर ती वाकून खेळायची, त्यामुळे तिचा खेळ मी कधी नीट पाहिलाच नव्हता. सगळ्यात मोठा आकडा तिने खालच्या कोपऱ्यात धरून ठेवला होता.

"अगं, वरचं बटण का दाबत नाहीस?"

"दाबलं की कोपरा सुटतो. तुम्ही तर चारही बडवता!"

बुधवारी मी दोन हजार अठ्ठेचाळीस गाठलं, वरच्या बटणाला हात न लावता. मेव्हण्याला लगेच फोन करून बातमी दिली. शिकवणीचा भाग तेवढा सांगायचा राहिला.