कुलपातल्या फ्लॉप्या

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटरचा कोर्स करून मी घरी बसले होते, तेव्हा नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनी मला कामावर घेतलं. त्या शिबिरं घेऊन सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी लोकांचं रक्त तपासत. आईबाप दोघांच्याही रक्तात या आजाराचा अंश असला, तर मूल जन्मभराचं दुखणं घेऊन येऊ शकतं. ते दोघं मात्र ठणठणीत असतात. बाईंकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. सीताबर्डीतल्या एका क्लासचं मशीन दुपारी रिकामं असे, तिथे मी माहिती भरायची आणि फ्लॉप्या घेऊन घरी कामठीला जायची.

बाईंनी त्यासाठी कुलपाचा प्लास्टिकचा डबा आणला होता. भरलेल्या फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर त्या चंदेरी पट्टी चिकटवत, म्हणजे चुकून काही पुसलं जाऊ नये. माझ्या डब्यात फक्त नंबर आणि त्यापुढे तपासणीचा निकाल असे. कोणता नंबर कोणाचा, हे दुसऱ्या फ्लॉपीवर होतं. ती बाईंच्या पर्समध्ये राही आणि ती त्या स्वतःच भरत. डब्याची किल्लीही त्यांच्याचजवळ; दुपारी त्याच डबा उघडून देत आणि काम झालं की कुलूप लावत. पहिल्या दिवशी मला याचं थोडं वाईट वाटलं. त्या म्हणाल्या होत्या, तुझ्यावर अविश्वास नाही, पण उद्या कोणी तुला गळ घातली तर तुझ्याजवळ सांगण्यासारखं काही नसलेलंच बरं.

आणि तशी गळ घातली गेलीच. आमच्या शेजारी पॉवरलूम चालवणारे एक काका होते. मला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेले. त्यांच्या मुलासाठी गल्लीतल्याच एका मुलीचं स्थळ आलं होतं. मुलीचा चुलतभाऊ याच आजारानं गेलेला, आणि मुलीनं शिबिरात रक्त दिल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

बसस्टँडवर त्यांनी मला गाठलं. "तुयाजवळच तर डबा हाय न वं," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरीचं काय निंगालं, तेवढं पाहून सांग मले."

मी किल्ली नसल्याचं सांगितलं, नावं त्यात नसतात हेही सांगितलं. त्यांना ते पटेना. "माह्यापासून काहून लपवून राहिली?" एवढंच म्हणून ते चालू लागले. रागापेक्षा त्यांचा दुखावलेला चेहरा मला जास्त लागला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सोबत घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी त्यांना आधी चहा दिला. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, ते रक्त तिचं आहे. ती म्हणेल तेव्हाच मी सांगीन. पण तुमच्या मुलाचं तपासलं का?"

काका चहाचा कप हातात धरून बसले. आपल्या मुलाचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते मुलाला घेऊन गेले. नंतर एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि आपण होऊनच मला म्हणाले, मुलाच्याच रक्तात तो अंश निघाला. मग उठता उठता विचारलं, "त्याचं नाव कोणाले दिसत नाही न वं?" मी नाही म्हटलं.

पुढचं मुलाने ठरवलं. स्वतःचा निकाल त्याने मुलीला सांगितला, आणि दोघं मिळून बाईंकडे गेले. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. काकांनी पंगतीत मला आग्रहाने वाढलं, नव्या सुनेलाही आपल्या हाताने घास दिला.

त्या मुलीचा निकाल काय होता, हे मला आजवर माहीत नाही. तिला दोन मुली आहेत. मोठी परवा भेटली तेव्हा आजोबांच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून माझ्याशी बोलत होती.