उजवं बटण

पक्षाघातानं बाबांची उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, बोटांना काम द्या. आई नाही, घरात आम्ही दोघंच. मी माळ्यावरून माझ्या लहानपणीचा, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम काढला. एकच कॅसेट चालली, तीही फुंकर मारल्यावर. पिनबॉल. डाव्या बटणानं डावी पट्टी उठते, उजव्यानं उजवी, आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही. बस्स, एवढंच.

डावं बटण बाबा दाबायचे. उजवं त्यांना जमेना, म्हणून मी. एकच रिमोट, दोघांच्या मधे धरलेला. थोडे दिवस म्हणून बसले ती आठ महिने बसले. मोहोपाड्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये मला नोकरी मिळत होती. वडिलांचा हात सुधारला की येते, असं सांगून दोनदा तारीख पुढं ढकलली होती. तिसऱ्यांदा कोण थांबतंय?

बाबांनी भिवपुरीच्या वीजघरात पॅनेलवर उभा जन्म काढला. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येऊन चार्ज घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही, हा तिथला नियम त्यांनी घरातही लावला. चेंडू वर असताना मी कुकर बंद करायला उठले तरी विचारायचे, "चार्ज कोनाला दिलास गं?" अस्सा संताप यायचा मला.

एकदा चिडून मी फोनवर या गेमची परीक्षणं शोधली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. लोकांनी पार धुऊन काढला होता त्याला. एकच टेबल, दोनच बटणं, पंधरा मिनिटांत कंटाळा. पाचपैकी दोन तारे.

"पंधरा मिन्टांत?" बाबा म्हणाले. "यांनी कदी डबल ड्युटी केली नाय वाटतं."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला.

मग एका शुक्रवारी मी औषधं आणायला कर्जतला गेले. परत आले तर बाबा झोपलेले, टीव्ही चालू. पडद्यावर गुणांचा सगळ्यात वरचा आकडा आमच्या दोघांच्या आकड्याच्या दुप्पट होता. मी एका हातानं रिमोटच्या दोन्ही टोकांची बटणं गाठून बघितली. बोटं पोचत नाहीत. म्हणजे त्यांचा उजवा हात चालत होता. कधीपासून, कोण जाणे.

त्या दिवशी मी चहासुद्धा ठेवला नाही. संध्याकाळी शेजारी बसले, चेंडू सोडला आणि बटणावरून बोट काढून घेतलं. चेंडू उजवीकडं घरंगळत आला. बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. पांघरुणाखालून हात काढला, बटणावर अंगठा ठेवला आणि दाबलं. चेंडू वर गेला.

"एकट्याला भ्या वाटायचं," ते म्हणाले. "म्हणून अडकवून ठेवली तुला."

चेंडू परत खाली आला, तो त्यांनी एकट्यानंच वर मारला.

"मोहोपाड्याला फोन कर. चार्ज घेतला मी."

चार्ज दिला की खुर्ची सोडायची, हाही नियमच. मला उठवेना.